जावयाला पक्कड, मला मिक्सर

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता काही सांगायचं तर आधी वस्तूच समजावून सांगावी लागते. हल्ली गेट आपोआप उघडतं. इंदापूर-बारामती पट्ट्यात उसाच्या कडेला कुणी बंगला बांधला की बघायला आलेली माणसं आधी गेट बघतात, मग घर. गाडीत बसल्या बसल्या बटण दाबायचं, लोखंडी कवाडं आत वळतात, आणि गाडी आत गेली की आपली आपण मिटतात. प्रत्येक कवाडाला एक मोटर असते आणि या सगळ्याचा मेंदू म्हणजे भिंतीवरच्या पेटीतला पंज्याएवढा कंट्रोल बोर्ड. तो बोर्ड मी जोडते, आबा. खांबाला भोकं पाडायचं, मोटरी बसवायचं काम तुमचे जावई करतात आणि वायरिंग माझ्याकडे. लोक त्यांना मिस्त्री म्हणतात आणि मला वहिनी.

पण हे कौतुक सांगायला मी बसलेले नाही. मी भांडायला बसले आहे. समोर असता तर भांडले नसते, तुमच्यासमोर माझा आवाज कधी निघालाच नाही. निघायची वेळच तुम्ही येऊ दिली नाहीत.

वालचंदनगरच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवा. तुम्ही कंपनीत इलेक्ट्रिक खात्यात, आणि आपल्याच घरातल्या मिक्सरचा प्लग महिनोन् महिने ठिणग्या उडवतोय. आई रोज सांगायची, तुम्ही रोज "बघतो" म्हणायचात. मी शाळेत होते. तुम्ही पहिल्या पाळीला गेलात आणि मी तो प्लग उघडला. जळकं टोक कापलं, वायर सोलली, स्क्रूखाली नीट वळवून बसवली, आणि शेंगदाण्याची चटणी वाटून आईला दाखवली. तुम्ही आलात, प्लग उलटासुलटा करून पाहिलात, डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "छान केलंस गं बाय." मी हवेत. संध्याकाळी पाणी प्यायला आत आले तर तुम्ही मागच्या दारात उकिडवे बसलेले. पुढ्यात मिक्सर, हातात तोच प्लग, उघडलेला. माझी जोड काढून तुम्ही नव्यानं करत होता. अगदी हळू, कुणाला चाहूल लागू नये असं. मी पाण्याचा तांब्या तसाच ठेवला आणि पाय न वाजवता बाहेर गेले. माझं काय चुकलं होतं, ते मला आजही ठाऊक नाही. अंदाज करता येतो, आता एवढं कळतं. एखादी तार बाहेर राहिली असेल, अर्थिंग सैल असेल. पण तुम्ही सांगितलं असतं तर ती चूक माझी झाली असती, आणि ती दुरुस्त करणंही माझं झालं असतं.

रिटायर झाल्यावर तुम्ही इंदापुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलंत आणि सणसरचा एक तरुण हाताखाली घेतलात. तोच पुढं तुमचा जावई झाला. मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुमचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. "ही काय जोड हाय? शेरडाच्या गळ्याला दावं बांधलंस व्हय? तोड. परत कर!" आणि तो तोडेपर्यंत धीर कुठला, तुम्हीच पक्कडीनं ती कापून टाकायचात. त्यानं झाकण लावलेली प्रत्येक पेटी तुम्ही पुन्हा उघडायचात, आतली एकेक वायर चिमटीत धरून ओढून बघायचात. सुटली तर त्याची धडगत नसायची. नाही सुटली तर तोंडातून शब्द न काढता झाकण लावायचात. मोटरी घेऊन आलेले शेतकरी एकमेकांना खुणा करायचे. त्यांना वाटायचं, केवढा हा जाच. मला वाटायचं, केवढं हे नशीब! इतक्यात मी पायरी चढायचे आणि तुमचा आवाज एकदम खाली यायचा. "बाय, पंख्याखाली बस." जळक्या मोटरीतली तांब्याची तार गुंडाळायला द्यायचात. गुंडाळून झाली की "छान". तारेचं भेंडोळं वाकडं असो की सरळ, "छान". या शब्दाचा मला इतका वीट आलाय की माझ्या आमटीला कुणी छान म्हटलं तरी मी मीठ चाखून बघते. लोक तुम्हाला हसून म्हणायचे, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. कार्टं होण्यातच सगळा फायदा होता, हे त्यांना कोण सांगणार?

मग त्या कार्ट्याचा कामाचा हात बघून तुम्ही त्याला मुलगी दिलीत. मला विचारलं होतंत, ते नाकारत नाही. माणूस मलाही आवडला होता, आजही आवडतो. पण लग्नात तुम्ही काय केलंत? कंपनीतल्या पहिल्या वर्षापासून वापरलेली तुमची लाल मुठीची पक्कड कोऱ्या रुमालात बांधून त्यांच्या हातात ठेवलीत. आणि मला नवा मिक्सर. सगळे हसले, मीही हसले. त्या मिक्सरचा प्लग मी पहिल्याच रात्री उघडून बघितला, तो कारखान्यातूनच नीट आलेला होता. पुढं तुम्ही गेलात, रिवाइंडिंगचं काम कमी झालं, यांनी गेटची कामं धरली आणि बारीक वायर त्यांना दिसेना म्हणून मला हाताशी घेतलं. तेव्हा मी शिकले. तुमची विद्या मला मिळाली ती अशी, त्यांच्या ताटातली, उष्टी.

आता परवाचं सांगते. सणसरजवळ एका बागायतदाराच्या नव्या बंगल्याचं गेट होतं. सकाळपासून मी त्या पेटीसमोर उभी. लाइटची वायर, दोन मोटरींच्या वायरी, लाइट गेली तर म्हणून बॅटरी, आणि गेटच्या दोन्ही खांबांवर गुडघ्याच्या उंचीला बसवलेल्या डोळ्यांच्या वायरी. हे डोळे एकमेकांकडे बघत असतात. मधे मूल आलं, वासरू आलं, की त्यांची नजर तुटते आणि बोर्ड गेट मिटू देत नाही. पेटीत शिरण्याआधी प्रत्येक वायरला मी खाली झोळ ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी पेटीत न जाता तिथंच टपकतं. पाल शिरू नये म्हणून भोक बुजवलं. एका कवाडाची पट्टी दुसऱ्यावर येते, म्हणून पट्टीचं कवाड आधी उघडायला हवं आणि शेवटी मिटायला हवं, तेही बोर्डाला शिकवलं. चारचारदा उघडून मिटवून बघितलं. झाकण लावलं. तुम्ही बघायला हवं होतं, असं मनात आलं, आणि लगेच रागही आला. बघून काय म्हणाला असता, तेच ना!

मग पूजा. नारळ फुटला, मालक गाडीत बसले, बटण दाबलं, गेट उघडलं, गाडी आत आली, पेढे निघाले. गेट मिटेना. पुन्हा दाबलं, मिटेना. पाहुणे बघायला लागले. मालक म्हणाले, "वहिनी, काय झालं वो? आत्ता तर चालत हुतं की." मी तोंड उघडायच्या आत तुमचे जावई पुढं झाले. "एखांदी वायर सैल ऱ्हायली असंल, थांबा." आणि सगळ्यांदेखत त्यांनी मी बंद केलेली पेटी उघडली. आबा, तुमचीच पद्धत. एकेक वायर चिमटीत धरून ओढायला लागले. त्यांच्या खांद्यावरून मला बोर्डावरचा डोळ्यांचा बारीक दिवा दिसत होता. तो सांगत होता की नजर तुटलीय, गेटच्या मधे काहीतरी आहे. ओढू दे म्हटलं मनात, सगळ्या ओढू दे. त्यांनी सगळ्या ओढल्या. एकही सुटली नाही. तेव्हा मी चालत गेटपाशी गेले.

मालकांच्या आईनं पूजेत मोटरींना हळदकुंकू लावलं होतं, पेटीला लावलं होतं, आणि वाकून, गुडघ्यावर हात टेकत, दोन्ही डोळ्यांना ओल्या बोटानं चांगलं जाडजूड कुंकू थापलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "आगं, सगळ्या यंत्राला लावलं, मग ह्या डोळ्यांनी काय पाप केलंय? राखणीला तर तेच हायती." मला हसू आवरेना. ओढणीच्या टोकानं खांबांवरचे ते डोळे पुसले, कुंकू थोडं वर खांबावर लावून दिलं, त्यांचंही समाधान. बटण दाबलं, गेट मिटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमचे जावई जवळ आले आणि हळूच म्हणाले, "छान केलंस." पेटी विनाकारण उघडल्याबद्दल अवाक्षर नाही. माझी काही चूक असती तरी हेच म्हणाले असते. मला तिथंच त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हिसकावून फेकून द्यावासा वाटला. माझ्या नवऱ्याचा मला हेवा वाटतो, आबा, आणि तो अजून कमी होत नाही. तुमच्या शिव्यांनी तो माणूस घडला. मी मात्र छानच राहिले.

परतताना इंदापूरच्या अलीकडं हायवेला भजी खायला थांबलो. ते ताटलीतली मिरची नुसती फिरवत होते. मग म्हणाले, "आबा असतं तर आज मला सोललं असतं. डोळं बघायचं सोडून पेटी कशापायी उघडलीस, म्हणलं असतं." मी म्हटलं, "म्हणाले असते की." मग ते, माझ्याकडे न बघता, "येवढी वर्सं हाताखाली काढली. एकदाबी बरं म्हणलं न्हाय मला. अजून पेटी बंद करताना वाटतं, मागनं येऊन उघडत्याल. तू लेक त्यांची. तुला तरी कधी काय बोललं का, माझ्याबद्दल?"

केस पिकलेला माणूस, आबा, आणि तोंड असं की शाळेच्या दारात निकाल बघायला उभा आहे. तुम्ही काहीच बोलला नव्हता. मी खरंच आठवून पाहिलं, दुकान, तुमचा शेवटचा दवाखाना, सगळं. एक शब्द नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हणजे यांच्याही ताटात काहीतरी वाढायचं राहिलं होतं. "न्हाय" एवढंच म्हणायचं होतं, खरंही होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "बोलायचे की. म्हणायचे, त्यानं बंद केलेली पेटी उघडायची गरजच न्हाय, मी आपला सवयीनं उघडतो."

त्यांनी ताटली बाजूला सारली. हायवेवरच्या ट्रकांकडे बघत बसले. धूळ गेल्यासारखे डोळे पुसले, दोनदा. घरी पोचल्यावर कुलूप उघडताना म्हणाले, "परत सांग की, काय म्हणायचे?" मी परत सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. दुसऱ्या दिवशी माणूस शीळ घालत कामाला गेला.

म्हणून हे कागद घरात ठेवता येणार नाहीत. ते दुकानातला प्रत्येक चिटोरा वाचून मगच टाकतात, ही सवयही तुमचीच. उद्या पाणी तापवताना बंबात घालीन. त्याआधी एवढं सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. ते वाक्य मला भजी खाताना सुचलेलं नव्हतं. ते मी माझ्यासाठी कधीचं करून ठेवलं होतं. प्रत्येक बोर्डाचं झाकण लावताना मी ते तुमच्या आवाजात मनातल्या मनात म्हणायचे, त्यातला माणूस तेवढा परवा बदलला. काल बारामतीत एक काम संपवलं, झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळला आणि सवयीनं ते वाक्य म्हणायला गेले, तर ते आता त्यांचं झालं होतं.