चौदा नंबरचा कॉल

४ मार्च
दिवसभर कानांत हेडफोन आणि परक्यांच्या किंकाळ्या. पोलीस कंट्रोल रूमच्या ट्रेनिंगला आठवडा झाला. खरे कॉल ऐकवतात, जुने, नावं पुसलेले. ऐकता ऐकता फॉर्म भरायचा. मागे मॅडम स्टॉपवॉच घेऊन उभ्या. आम्ही त्यांना घड्याळबाई म्हणतो.

आज चौदा नंबर. एक बाई फोन खोलीत ओढून, कडी लावून बसलीय. बाहेर नवरा दार फोडतोय. ती नुसती कुजबुजतेय. आणि आपला ऑपरेटर? दगड! "पत्ता? कितवा मजला? मागे जिना आहे का? खिडकीतून पोचता येईल? मग फोन ठेवा, उतरा. गाडी निघालीय." खट्! एक "घाबरू नका" नाही.

"आदर्श कॉल," घड्याळबाई म्हणाल्या. "एक मिनिट दहा सेकंद."

मी विचारलं, पुढे काय झालं?

"पुढचं टेपवर नसतं."

नसतं म्हणजे? बाई जिवंत आहे की नाही, तेही नाही?

७ मार्च
परत विचारलं. परत तेच उत्तर. आणि चौदा नंबर लावला की घड्याळबाई स्वतः पाण्याची बाटली भरायला बाहेर! पाठ झालाय म्हणे.

९ मार्च
सराव परीक्षा. घड्याळबाई शेजारच्या खोलीतून फोन करणारी बाई झाल्या. कडी लावलेली खोली, बाहेर नवरा. पत्ता घेतला, गाडी पाठवली आणि मग धीर दिला. "मी आहे ना ताई, बोलत राहा." चार मिनिटं!

नापास.

"तू बोलत बसलीस, ती ऐकत बसली. तोवर दार तुटलं."

आता एकच संधी. त्यात आपटले तर घरी. दादा टपूनच बसलाय. "तुझ्या जिभेला हाड नाही, तुला कोण ठेवणार तिथे!" दुकानातली नोकरी सोडून आलेय मी. परत त्या काउंटरमागे उभी राहणार नाही. आणि दगडही होणार नाही. बघतेच!

१० मार्च
बाहेर सांगायचं नसतं, तरी आईला चौदा नंबर सांगितला. भाजी चिरता चिरता थांबली. "मग, उतरली का गं ती?" घ्या!

१२ मार्च
भांडले. सगळ्यांसमोर. म्हटलं, आदर्श कुणासाठी मॅडम? तुमच्या स्टॉपवॉचसाठी? त्या बाईला विचारा एकदा!

घड्याळबाईंनी स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि निघून गेल्या.

गेली नोकरी. जाऊ दे! — खोटं लिहितेय. बसस्टॉपवर ढसाढसा रडले. पण शब्द मागे घेणार नाही.

१३ मार्च
सकाळी पाण्याच्या नळापाशी गाठलं घड्याळबाईंनी. डाव्या पायातला मोजा खाली केला. घोट्यापासून वर टाक्यांची जुनी खूण.

"मागच्या जिन्याचा पत्रा लागला," म्हणाल्या. "बाकी धड उतरले. तो कॉल मीच निवडलाय."

उद्या परीक्षा. माफी मागणार नाही. पण फोनवर आधी जिन्याचं विचारेन.