आठ दिवसांची खरखर

मंगळवार, संध्याकाळ, बारामती

सापडली! आठ दिवस डोकं खाणारी खरखर आज सापडली.

फ्लाइंग स्कूलच्या त्या छोट्या विमानाचा रेडिओ हवेत खरखरायचा आणि हँगरमध्ये आणला की शहाण्यासारखा वागायचा. मीटर म्हणे सगळं ठीक. काल आमचे सीनियर मेकॅनिक सावंत सर वैतागले, "विमान ठीक आहे म्हणून कर सही, सोड विमान." नाही केली. एखादी शिकाऊ पायलट पोरगी एकटी वर असताना टॉवरचं बोलणं ऐकूच आलं नाही तर?

सकाळी गावी, निरवांगीला, तात्यांना फोन लावला. माझे वडील, जन्म गेला ट्रॅक्टरची वायरिंग करण्यात. म्हणाले, "मीटर ऱ्हाऊ दे. रेडिओ चालू ठेव आन् एकेक वायर हलवून बघ."

कानाला हेडफोन, हात पॅनेलच्या मागं. वायरींचा एक जुडगा हलवला आणि खरखर! जुडगा बांधायचा प्लास्टिकचा पट्टा इतका करकचून आवळलेला, की आतली वायर तुटायला आलेली.

आवळला कुणी? मीच, गेल्या महिन्यात. नीटनेटकं दिसावं म्हणून!

वायर गुपचूप बदलली असती तर कुणाला कळणार होतं? पण नोंदवहीत स्वच्छ लिहिलं, पट्टा मी आवळला होता, वायर मीच बदलली. मग सही. सावंत सरांनी दोनदा वाचलं आणि पायलटसोबत स्वतः विमानात बसून वर गेले. वरून रेडिओवर त्यांचा आवाज आला, "एकदम क्लिअर!" खरखर नावालाही नाही.

तात्यांना कळवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "चूक कुणाची व्हती?"

"माझीच."

"आन् लिवलीस?"

"व्हय."

"मग आता झालीस मेकॅनिक."