प्रोसेसरच्या सोबतीचे कीबोर्ड

१२ मार्च

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही.

सध्या एक प्रोसेसर दुकानात मला कितीला पडतो, ऐक. बिलातली किंमत, वर एजंटाची मनधरणी, आणि सोबत गळ्यात मारलेले सहा कीबोर्ड, जे कुणी फुकटही नेत नाही. माल मुळात कमी, त्यातला बराचसा मोठ्या कंपन्या थेट कारखान्यातूनच उचलतात. उरलंसुरलं आमच्यापर्यंत येतं. "प्रोसेसर हवाय ना काका? मग हेही न्या," एजंट म्हणतो. अडला दुकानदार काय बोलणार!

तरी या रस्त्यावरचे दहातले आठ कॉम्प्युटर मी विकतो त्याच कंपनीच्या प्रोसेसरवर चालतात, हं. पंचवीस वर्षांत दुसऱ्या कंपनीचा माल मी दुकानाच्या दाराच्या आत घेतला नाही. तू त्या दुसऱ्या कंपनीत नोकरीला लागलीस तरीही.

पुढच्या महिन्यात येतेस, पण हॉटेलात उतरणार, असं तू आईला फोनवर म्हणालीस. मी शेजारच्या खोलीत होतो. माझे कान तुला माहीत आहेत. "माझ्या पलंगावर बाबांचे कीबोर्ड झोपतात," असंही म्हणालीस. मी हसलो. मग आत जाऊन पलंग बघितला. दिसतच नव्हता.

परवा टायपिंग शिकवणाऱ्या बाई सगळे कीबोर्ड घेऊन गेल्या. पैसे मागितले नाहीत, तर त्यांना संशय. "चालतात ना?" काल एजंट आला, त्याला सांगितलं, कीबोर्ड घेणार नाही. तो म्हणाला, "मग प्रोसेसरही नाही." म्हटलं, नसू दे.

आईने विचारलं, "आता विकणार काय?"

"लेकीच्या कंपनीचा माल."

"अगं बाई! जीभ जड नाही झाली?"

झाली थोडी.

पलंगावर धुतलेली चादर घातली आहे. खिडकीची कडी दुरुस्त केली. हॉटेलचं तू बघ, मी आग्रह करत नाही. फक्त खोली रिकामी आहे, आणि रिकामी बरी दिसत नाही.

तुझाच,
बाबा

ता. क. पहिल्या पगारानंतर तू तुमचा प्रोसेसर दिला होतास, मी डबीही न उघडता कपाटात ठेवला होता. घरचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा आतला बोर्ड बदलून तोच बसवला. पंखा इतका हळू फिरतो की दोनदा कान लावून बघितलं. आपल्या घरात कॉम्प्युटर एकच आहे, आणि तो तुझ्या प्रोसेसरवर चालतो.