थेंब कशात सोडायचे

१२ तारीख, दुपार

ताई,

नमस्कार. आधी पोटभर रागावून घे, मग पुढं वाच. तीनदा कागद घेतला. एकदा त्यावर चहा सांडला, दोनदा मीच उठून पळालो. भावोजींची कंबर कशी आहे? माझी खोली बरी आहे. खिडकीसमोर भिंतच आहे, त्यामुळे बाहेर बघण्यात वेळ जात नाही.

नोकरी टिकलीय. चार महिने! मास्तरांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतो, आणि थेंब सोडायचं कामही माझंच होतं. ऐक, हे मला येतं. एक द्रव कडू बदामाच्या वासाचा. दुसरा ॲसिटोन, तू नखांचा रंग पुसतेस तो. जोडीला कॉस्टिक सोड्याचं पाणी. दोघांची गाठ पडली की साबणाच्या वासासाठी लागणारा माल तयार होतो. पण ॲसिटोनला दोन हात. म्हणून तो भरपूर घ्यायचा आणि त्यात बदामवाला थेंबाथेंबानं सोडायचा. उलट केलंस, तर एकेका ॲसिटोनला दोन्हीकडून बदामवाले धरतात आणि हाती येतो नुसता पिवळा भुगा. मास्तर म्हणायचे, "शाळेनं याला हाकललं, पण हात बघा कसा स्थिर!"

मग पदवीधर आला. नाव आहे त्याला, मी घेत नाही. मास्तर त्याला "अहो" म्हणतात, मला "अरे ए". दुसऱ्याच आठवड्यात थेंब त्याच्याकडे गेले. चांगला आहे गं तो, तेच तर दुखणं! डब्यातलं अर्धं मला देतो.

गेल्या सोमवारी त्याच्या हातून पिवळा भुगा निघाला. सगळी खेप वाया. मास्तर कडाडले, "पदवी काय भिंतीला टांगायला घेतलीत?" तो खाली बघून म्हणाला, "माझ्याकडूनच अदलाबदल झाली असणार, सर." संपलं. मास्तर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

त्याला सर्दी होती, ताई. दोन्ही द्रव पाण्यासारखे, वासाशिवाय ओळखू येत नाहीत. तो नाक शिंकरायला बाहेर गेला. टेबलावर दोन बीकर, सारखेच भरलेले. त्यांच्या जागा मी बदलल्या.

हां. लिहिलं एकदाचं.

वाटलं होतं, बोलणी खाईल, एवढंच. तो दोष अंगावर घेऊन निघून गेला, तेव्हा लाज नंतर वाटली. आधी मनात आलं, चांगुलपणातही हाच पहिला!

थेंब परत माझ्याकडे आलेत आणि दर वेळी मी दोन्ही बीकर तीनतीनदा हुंगतोय. मास्तरांना सांगितलं तर नोकरी गेली, पुन्हा मी आणि माझी पिशवी. न सांगितलं तर... तूच सांग, काय

थांब. दार वाजलं.

पदवीधराची आई आलीय. स्टँडवरून सरळ इथंच, सामान अजून हातात. म्हणते, "तो सांगतो, इथं आपला माणूस म्हणजे तू एकटा. मास्तर तुझं ऐकतात ना रे? माझ्यासोबत येऊन दोन शब्द टाकशील?"

तिला पाणी दिलंय. चपला शोधतोय.

अजून तुझाच म्हणशील ना,
धाकटा