पिवळा मासा कुणी निवडला

२ डिसें., गुरु.
यांनी कंपनीच्या ट्रकवर मुंबईहून समुद्राचं पाणी मागवलं. कॅनच कॅन. काचेची पेटी माझ्या शिलाई मशीनच्या जागी. मशीन दारामागं. आत्याबाई म्हणाल्या, "चिकलठाण्यात नोकरी लागली अन् माझं पोरगं समुद्र घरी आणायलं." मासे कोणते, ते म्हणे विद्या मॅडमला विचारून. ही यांच्या लॅबमधली. प्राणिशास्त्र शिकलेली. मी कन्नड तालुक्यात मेंढरांमागं वाढले. मला कोण विचारतंय.

५ डिसें., रवि.
ती आली. उंच, सुती साडी, कानात काही नाही. तरी उठून दिसते. माशांच्या पुस्तकावर दोघांची डोकी. मी म्हटलं, हा नारंगी छान आहे, पांढऱ्या पट्ट्यांचा. हे म्हणाले, "चहा टाक." तिच्या कपात साखर यांनी घातली. एकच चमचा, बरोबर. मला किती लागते, सांगावं बरं यांनी! शेवटी ठरलं: दोन निळे, एक पिवळा.

११, शनि.
मासे आले. पिवळा खाईना. कोपऱ्यात तोंड करून नुसता उभा. हे शेजारच्यांच्या फोनवरून दोनदा तिच्याशी बोलले. मला ताप होता. यांना ठाऊक होता.

१२, रवि.
पिवळा मेला. बरं वाटलं. हे जेवले नाहीत. मग तेवढंही बरं वाटेना.

१५, बुध.
विद्यापीठाच्या नावावरून शहर बंद. कंपनीची बस नाही, हे कालपासून तिकडंच अडकलेले. दुपारी लाइट गेली. पंप बंद. निळे वर येऊन तोंड उघडू लागले. आत्याबाई आत झोपलेल्या. काय करावं ते कळंना. तेवढ्यात दार वाजलं. विद्या. गल्लीबोळांतून सायकल काढत आली होती. "वहिनी, मग्गा द्या." उंचावरून पाणी ओतायचं, हवा मिसळते. आळीपाळीनं ओतत बसलो.

म्हटलं, अशा दिवसात घराबाहेर? म्हणाली, "घरी कुणी नाही. सगळे नामांतराच्या मोर्चाला. भाऊ तर नावासाठी दोनदा जेलात जाऊन आला." बोलली अन् माझ्याकडं बघत राहिली. मला कळलं. तिला कळलं की मला कळलं.

मग म्हणाली, "मी पण नारंगीच सांगितला होता. पिवळा लई नाजूक. साहेबांनी ऐकलं नाही." माझ्या मनात दुसरंच. माझ्यासाठी आली, माशांसाठी, का यांच्यासाठी? मी मग्गा परत भरला. लाइट येताच ती निघाली. चहा घेतला नाही.

१७, शुक्र.
हे काल आले. आधी पेटीपाशी गेले. मग, "विद्या आली होती? एकटी? बंदमध्ये?" चेहरा असा झाला की... लग्नात फोटोवाला "हसा, हसा" सांगून दमला, तेव्हासुद्धा असा झाला नव्हता.

आज सकाळी मेथी निवडताना आत्याबाईंनी विचारलं, "ती पोरगी कुणाची गं? आडनाव काय तिचं?" हे दाढी करत होते. वस्तरा थांबला. म्हणजे यांना आधीपासून माहीत. आत्याबाईंना तिची जात कळली तर ती उंबरा ओलांडू शकायची नाही. पुस्तक नाही, चहा नाही, काही नाही. माझ्या एका शब्दाचं काम. शब्द तोंडात आला होता.

म्हटलं, "विचारून सांगते."

यांनी तोंड धुतलं, माझ्याकडं न बघता गेले. आत्याबाई काही विसरत नाहीत. परवा रविवार, विद्या यायची.