अर्धी काच

रविवार, १७ नोव्हेंबर

ती. वहिनींस,

नमस्कार. तुमची चिठ्ठी गुरुवारी मिळाली. आज सकाळी आठला मी आणि मास्तर बागेत गेलो. दुपारी एकपर्यंत पाण्याच्या टाकीजवळचं रुळांचं वळण उखडून झालं. डबा खाल्ला. मग शेडपासून फलाटापर्यंतचे सरळ रूळ काढले. रूळ भिंतीशी रचलेत, लाकडी पट्ट्या वेगळ्या ठेवल्यात. कुंडी एकही फुटली नाही. चार वाजता नळ बंद केला, कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंकडे दिली. तुमचा गुडघा आता कसा आहे? लेकीच्या घरी जिने फार आहेत, जपून चढा.

बाग आता मोकळी दिसते.

तुम्ही लिहिलं होतंत, "रूळ काढा, इंजिन भंगारात घाला आणि माझ्या भावाचं नाव पुन्हा माझ्यापुढे काढू नका." पहिलं काम झालं. इंजिन अजून शेडमध्ये आहे. तिसरी गोष्ट मला या पत्रात पाळता येणार नाही, म्हणून आधीच माफी मागतो. पत्र फाडायचं असेल तर फाडा, पण शेवटपर्यंत वाचून मग फाडा. त्याची दोन पत्रं तुम्ही न उघडता परत पाठवलीत असं मास्तरांकडून कळलं. त्याला परवा, मंगळवारी, चौकशीच्या कचेरीत बोलावलंय. दादा त्याच्या निष्काळजीपणामुळे गेला, असं लिहिलेल्या कागदावर सही करायला. तो सही करणार आहे.

रूळ स्क्रूने बसवलेले होते. पाना लावून फिरवले की निघतात. मी घण घेतला. एकेका सांध्यावर इतक्या जोरात मारत होतो की मास्तर लांब जाऊन उभे राहिले. म्हणाले, "धाकट्या, पाना आहे ना हातात? त्या रुळांनी काय घोडं मारलंय तुझं?" मी थांबलो नाही. एक रूळ उसळून माझ्या नडगीवर बसला, रक्त आलं, मग थांबलो. माझं हे तुम्हाला माहीतच आहे. तोंड उघडायला मला वेळ लागतो, हात आधी उठतो.

जेवण झाल्यावर मास्तर शेडमध्ये गेले आणि इंजिनावरचं कापड काढलं. मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, भंगारात जायच्या आधी एकदा व्हॉल्व्ह बघू.

तुम्ही धुराने खोकला येतो म्हणून बागेत कधी थांबला नाहीत, त्यामुळे तुम्हाला नीट सांगावं लागेल. दादाने ते इंजिन सहा वर्षं लेथवर स्वतः केलं. गुडघ्याएवढं उंच, पण खऱ्या इंजिनासारखं, कोळशाची भट्टी, पाण्याचा बॉयलर, सगळं खरं. चालवणारा मागच्या ट्रॉलीवर दोन्हीकडे पाय टाकून बसतो. भट्टीचं दार त्याच्या छातीसमोर हातभर अंतरावर. वाफ जास्त झाली तर ती बाहेर जायला वरच्या बाजूला एक व्हॉल्व्ह असतो. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात त्याची स्प्रिंग तुमच्या भावाने बदलली होती. घड्याळजीच तो, त्याच्याशिवाय एवढं बारीक काम कोण करणार. आणि मी त्या दिवशी बागेत ओरडून सगळ्यांना सांगितलं, नंतर चौकशीच्या साहेबांना लिहून दिलं, की स्प्रिंग त्याने घट्ट बसवली, व्हॉल्व्ह उघडला नाही, म्हणून बॉयलर फुटला. साहेबांनी असं इंजिन जन्मात पाहिलं नव्हतं. मी सांगितलं तसं त्यांनी लिहून घेतलं. तुम्हीही माझ्याच तोंडून ऐकलंत.

मास्तरांनी व्हॉल्व्ह सोडवला, हातपंपाला लावला आणि दांडा मारायला लागले. दाबाचा काटा चढत गेला. लाल रेघेवर आला तसा व्हॉल्व्ह उघडला. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच उघडला. एक केसभर इकडेतिकडे नाही.

"व्हॉल्व्ह ठीक आहे," मास्तर म्हणाले.

"हं."

मग त्यांनी भट्टीत विजेरी मारली. भट्टीचं पत्र्याचं छत आत वाकून फाटलंय आणि निळं पडलंय. पत्रा निळा पडतो तो वरून पाणी निघून गेल्यावर, कोरडा तापल्यावर.

"वाफ जास्त नव्हती. पाणी कमी होतं," ते म्हणाले. "फलाटावर कोण होतं रे?"

"मी."

"काच बघितली होतीस?"

मी पंपाची नळी गुंडाळत राहिलो.

"चाळीस वर्षं पेपर तपासलेत मी," मास्तर म्हणाले. "कोरा पेपर मला लांबून कळतो."

आता काचेचं सांगतो. बॉयलरला बाजूला एक काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. वाफेने दादाचा चष्मा धुरकट व्हायचा, तो चष्मा कपाळावर सारायचा आणि मग त्याला जवळचं काही दिसायचं नाही. म्हणून त्याने नियम केला. चालवणाऱ्याने रुळावर बघायचं. फलाटावरच्या माणसाने काच बघायची. गाडी फलाटावरून जाताना चालवणारा विचारणार, "पाणी?" आणि फलाटावरचा बघून सांगणार, "अर्धी काच." कमी असेल तर "पाव," मग पंप सुरू करायचा. अकरा वर्षं दर रविवारी मी त्या फलाटावर उभा होतो. वहिनी, "अर्धी काच" मी किती वेळा म्हटलं असेन. झोपेतही म्हणत असेन.

त्या रविवारी चहा घेताना दादा म्हणाला, पुढच्या आठवड्यापासून गाडी घड्याळजी चालवेल, माझी कंबर साथ देत नाही आता. मी विचारलं, मी का नाही? दादा म्हणाला, "तुझा हात जड आहे, धाकट्या. गाडीला हलका हात लागतो." चिडून नाही म्हणाला, सहज म्हणाला. दादा ट्रॉलीवर बसला. मास्तर वरच्या अंगाला सिग्नलपाशी गेले. फलाटावर मी आणि तुमचा भाऊ राहिलो.

तो मला हसवायला गेला. "अरे, तोंड काय पाडतोस? तू फलाटाचा राजा. हवी तर शिट्टी देतो तुला."

मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, बायकोचा भाऊ सख्ख्यापेक्षा जवळचा झाला का रे? तो अजून हसत होता. मी त्याला टाकीच्या सिमेंटवर आपटला. डोकं आपटल्याचा आवाज आला. गाडी आली. मागून दादाने विचारलं, "पाणी?" मी पाठ न वळवता ओरडलो, "अर्धी काच."

गाडी गेली. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. दुसरी फेरी. "पाणी?" "अर्धी काच." माझा कोपर त्याच्या गळ्यावर होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, तो माझ्या खांद्यावरून बघत होता. कसाबसा म्हणाला, "सोड, पाणी बघ. पाणी बघ आधी." मला वाटलं, सुटण्यासाठी सांगतोय. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा दात माझ्या बोटाला लागला, ती खूण अजून आहे. तिसरी फेरी आली. दादाने विचारलं. मी सांगितलं.

गाडी वळणावर चढाला लागली आणि आवाज झाला. मला वाटलं, कोणी माझ्याच डोक्यात काही घातलं. वाफेत काही दिसेना. कोळसे पानांवर पडून चरचरत होते. भट्टीचं दार उखडून दादाच्या छातीत बसलं होतं आणि बॉयलरमधलं सगळं उकळतं पाणी निखाऱ्यांसकट त्याच्या अंगावर आलं होतं. तुम्ही त्याला दवाखान्यात पाहिलंत, पट्ट्यांमध्ये. मी पट्ट्यांच्या आधी पाहिलाय. तो ओरडला नाही. श्वास घ्यायला बघत होता आणि श्वास आत जात नव्हता.

त्याच्यापर्यंत आधी कोण पोचलं, तर तुमचा भाऊ. माझा हात सुटला तसा तो धावला. त्याने नुसत्या हातांनी तो लोखंडी दरवाजा बाजूला केला. दादाला बगलेत धरून ओढून काढलं. त्याचे दोन्ही तळवे भाजले. मग दादाला गवतावर ठेवून तो शेजारी ओणवा झाला, एक हात जमिनीवर टेकून, आणि दादाला हाका मारायला लागला.

मी तिथे गेलो तेव्हा माझ्या हातात कोळशाचं फावडं होतं. कुठून घेतलं, आठवत नाही. मी ओरडलो की तू मारलास, तुझ्या व्हॉल्व्हने मारलास. फावडं उभं धरलं आणि त्याच्या टेकलेल्या हातावर मारलं. उजव्या. तीनदा. तिसऱ्या वेळी मास्तर माझ्या पाठीवर पडले आणि आम्ही दोघं खाली आलो. तुम्ही स्वयंपाकघरातून धावत आलात तेव्हा मी रडत होतो आणि सांगत होतो, यानेच केलं. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत ती नजर मला आठवते. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

तो माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

आजच्या दिवसाचा हिशोब मी वर चार वाजता संपवला, तो खोटा आहे. चारनंतर मी त्याच्या दुकानात गेलो. शटर अर्धं वर होतं. तो भिंग डोळ्याला लावून डाव्या हाताने एक मनगटी घड्याळ उघडत होता. उजव्या हाताची तीन बोटं सरळच राहतात आता, वाकत नाहीत. स्क्रू एवढासा, तीनदा चिमट्यातून पडला, त्याने तीनदा उचलला.

"काही आणलंस का?" वर न बघता त्याने विचारलं.

"नाही."

"मग बस. उजेड अडवू नकोस."

मी बसलो. म्हटलं, "मंगळवारी सही करू नकोस."

"का?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. ताईला माहीत नाही." त्याने भिंग काढलं. "हे बघ, तिला आत्ता कोणावर तरी राग धरायचाय. माझ्यावर धरू दे. मी तिचा पाठचा भाऊ आहे, ती रागावून रागावून दमेल आणि एक दिवस दार उघडेल. तुझ्यावर धरला तर तुझं दुसरं आहे कोण?"

वहिनी, हे ऐकून मला काय वाटलं ते लिहिलं नाही तर या पत्राला अर्थ नाही. माझी मूठ वळली. त्याच दुकानात, त्या न वाकणाऱ्या बोटांसमोर, मला त्याला मारावंसं वाटलं. तो चांगला आहे म्हणून. त्यालाही ते दिसलं. तो मागे सरला नाही, फक्त समोरचं उघडं घड्याळ हळूच उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं. ते गिऱ्हाईकाचं होतं.

मी हात पँटच्या खिशात घातले आणि बाहेर आलो.

उद्या सकाळी दहाला मी कचेरीत जाणार आहे. मास्तर बरोबर येतो म्हणाले, मी नको म्हटलं. व्हॉल्व्ह आणि फाटलेला पत्रा दोन्ही नेणार आहे. पाणी बघायचं काम माझं होतं, मी तिन्ही वेळा न बघता सांगितलं, आणि बोटं मी मोडली, हे लिहून देणार आहे. पुढे जे व्हायचं ते होईल. मंगळवारी त्याला सही करायला कागदच उरणार नाही.

तुम्हाला माझ्याकडे बघायचं नसेल तर बघू नका. माझी काही मागणी नाही. एक मात्र लिहितो, कारण ते तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही. दादा गवतावर होता तेव्हा त्याने एकदाच डोळे उघडले. त्याच्यावर ओणवा झालेला चेहरा तुमच्या भावाचा होता, आणि दादाने तो ओळखला. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते फक्त तुमच्या भावाने ऐकलं. मी दोन महिन्यांत त्याला विचारू शकलो नाही. तुम्ही विचारा. तुम्हाला तो सांगेल.

एवढी वर्षं पत्राखाली "तुमचा" लिहून मग नाव लिहायचो. आज तो पहिला शब्द लिहायला हात धजत नाही, तो तुम्ही म्हणाल तेव्हा लिहीन.

धाकटा

ता. क. डिंकाची बाटली सुकलीय. थोडं पीठ कालवून गॅसवर खळ करतो आणि पाकीट चिकटवतो. सकाळी सात वाजता टपालपेटी उघडतात, त्याच्या आधी स्वतः जाऊन टाकून येतो.