भैरोबाचे सोळा खांब

प्रिय पार्थ,

‘प्रिय’ सवयीनं लिहून गेले. खोडत नाही, तुझ्यासाठी तेवढेही कष्ट घ्यायची इच्छा नाही. फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतोस, म्हणून हे स्पीड पोस्टानं पाठवतेय.

राजूरच्या वरची ती वाडी विसरला नसशील. भैरोबाच्या देवळापुढचा जुना लाकडी मंडप, सोळा सागवानी खांब, प्रत्येकाची नक्षी वेगळी. दुरुस्तीआधीची मोजणी करायला आपण लेझर स्कॅनर घेऊन गेलो तेव्हा देवळाची किल्ली सांभाळणाऱ्या केशरबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या होत्या. “ह्या मशिनीनं लाकडाला काय इजा हुईल का?” तू बाहेर जीपला टेकून मोबाईल बघत होतास. समजूत मी घातली. म्हटलं, मावशी, हे नुसतं उजेडानं मोजतं, लाकडाला हातही लावत नाही. छिन्नीचा घाव न् घाव कॉम्प्युटरमध्ये राहील, म्हणजे पुढं दुरुस्तीत चूक व्हायची नाही. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. चार दिवस आपल्याला नाचणीची भाकरी खाऊ घातली. तिसऱ्या दिवशी त्याच मंडपात तू मला लग्नाचं विचारलंस, आणि मी मूर्खासारखी हो म्हणाले.

दोन महिन्यांनी अहवाल दाखवून तू गावाला सांगितलंस, खांब कललेत, वाळवीनं पोखरलेत, मंडप कधीही कोसळेल. स्कॅन झालाच आहे, त्यावरून हुबेहूब नवा उभारू. गाव घाबरलं. लाकूड ट्रकमध्ये भरून गेलं. दीड वर्ष झालं, भैरोबापुढं पत्र्याची शेड आहे. मी विचारलं की तू म्हणायचास, सगळं कुजकं निघालं, टाकून द्यावं लागलं. साखरपुडाही असाच पुढं ढकलत राहिलास आणि एक दिवस तो विषयच संपवलास. तेव्हा मी रडले होते. आज त्याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात श्रीगोंद्याचं एक काम आटोपून परतताना काष्टीच्या पुढं एका नव्या हॉटेलात चहाला थांबले. काउंटरच्या दोन्ही बाजूंना पॉलिश केलेले खांब. एकावर मोर, मोराच्या मानेवर छिन्नी घसरलेली आणि त्या खाचेत बसवलेली बोटभर पाचर. हाच मोर मी भैरोबाच्या मंडपात स्कॅन केला होता. मॅनेजर कौतुकानं म्हणाला, “राजूरकडचं जुनं सागवान हाय मॅडम. पुन्याच्या पार्थसाहेबांनी मिळवून दिलं. आख्खे सोळा!” नक्षीचा नमुना हवाय असं सांगून गाडीतला स्कॅनर काढला आणि चार खांब मोजले. घरी येऊन ती मोजणी जुन्या स्कॅनवर ठेवून पाहिली. पॉलिशमध्ये गेलेला पापुद्रा सोडला, तर रेघेवर रेघ बसली. मग तुझा अहवाल काढला. त्यात झुकाव नऊ इंच. स्कॅनमध्ये सगळ्यात कललेला खांब पाऊण इंचसुद्धा नाही. आणि वाळवी? हॉटेलवाला कुजकं लाकूड काउंटरला लावतो होय रे?

दुसऱ्याच दिवशी वाडीवर गेले आणि केशरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तुला शिव्या दिल्या असतील असं तुला वाटेल. तुझं नावही घेतलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू सांगितलंस म्हनून मी किल्ली दिली. त्यो साहेब माझा कोन लागत हुता?” पाणीही न पिता उठले.

आता ऐक. त्या अहवालाच्या प्रत्येक पानावर तुझ्या सहीखाली माझी सही आहे. न वाचता केलेली. माझेच आकडे तू बदललेस आणि मी लग्नाच्या आनंदात पान उलटून पाहिलं नाही. म्हणून पंधरा तारखेला पोलीस ठाण्यात देणार आहे त्या तक्रारीत दोन नावं आहेत, आणि पहिलं माझं आहे. दोन्ही स्कॅन सोबत जोडलेत. हे तुला आधी कळवायची माझी अजिबात इच्छा नव्हती. पण तक्रारीसाठी बोलावलेल्या गावाच्या बैठकीत केशरबाई अडून बसल्या, “आधी त्याला सांग. पाठीमागून वार आपन करायचा न्हाई. खांब आनून देत असंल तर देऊ दे.” पंधरा तारखेपर्यंतची ही मुदत त्यांनी दिलेली आहे. मी एक दिवसही दिली नसती.

तुझी कुणीच नसलेली,
ज्ञानेश्वरी